तलवाड्याच्या अंगणात बकुळ : पहिल्या तीन उन्हाळ्यांची राखण

एप्रिल-मे महिन्यांत दुपारी तीनच्या सुमारास घराच्या पश्चिमेकडच्या भिंतीला हात लावून पाहा. अंगणात झाड का हवे, हे मग कुणी समजावून सांगावे लागत नाही. गेवराई तालुक्यातले तलवाडा हे त्वरिता देवीचे गाव. उत्तरेला गोदावरी, तालुक्यातून जाणारा जायकवाडीचा उजवा कालवा, शेतात कापूस आणि ऊस, आणि तरीही फाल्गुन सरला की गावाच्या तोंडी पाण्याचीच गोष्ट. बीड जिल्ह्याचा सरासरी पाऊस साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास आहे आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. उरलेले आठ महिने झाडाला जमिनीत साठलेल्या ओलीवर काढावे लागतात.

अशा गावात बारा महिने हिरवे राहणारे झाड दारात वाढवता येते. ते कसे, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. त्याचे सार सुरुवातीलाच सांगतो. इथे सदाहरित झाड रोजच्या पाण्यावर टिकत नाही, ते खोल गेलेल्या मुळांवर टिकते. म्हणून लावणीपासूनचे पहिले तीन उन्हाळे आपले प्रत्येक काम मुळांना खाली उतरवण्यासाठी असले पाहिजे. खड्डा, पाणी, आच्छादन, छाटणी या सगळ्यांकडे याच नजरेने पाहिले की बऱ्याच शंका आपोआप सुटतात.

झाड कोणते निवडावे

सदाहरित झाडाची पाने गळतच नाहीत, असा समज असतो. पाने त्याचीही गळतात, पण एकदम गळत नाहीत. जुने पान पिवळे होऊन पडते तेव्हा शेजारी नवे आलेले असते, म्हणून झाड कधी ओकेबोके दिसत नाही. आपला कडुलिंब यातला जवळचा नातलग म्हणायला हवा. माघ-फाल्गुनात थोडे दिवस त्याची पाने झडतात आणि लगेच तांबूस पालवी फुटते. तलवाड्याच्या हवेला त्याच्याइतके काटक झाड क्वचितच सापडेल. पण त्याचा विस्तार मोठा होतो. ज्याच्याकडे मोकळा वाडगा किंवा मळा आहे, त्याने कडुलिंब जरूर लावावा. घरालगतच्या दहा-पंधरा हात अंगणात मात्र तो काही वर्षांनी पत्र्यावर आणि तारांवर येतो.

करंजाची सावली गर्द असते. खारवट पाणी आणि पाणथळ जागा तो इतरांपेक्षा चांगला सोसतो. त्यामुळे कालव्याखालच्या ज्या जमिनीत पाणी साचते किंवा वर पांढरा थर दिसतो, तिथे करंजच लावावा. जांभळाला पाणी जास्त लागते आणि फळांचा सडा अंगणात पडतो. तो विहिरीच्या कडेला शोभतो. खिरणी अतिशय चिवट, पण वाढ फार सावकाश. सीता अशोक देखणा आहे, पण त्याला ओलसर, सावलीची जागा लागते. भर उन्हातल्या अंगणात त्याची पाने करपतात. रोपवाटिकेत झटपट वाढणारे म्हणून कोनोकार्पस पुढे केले जाते. ते घेऊ नका. त्याच्या परागकणांच्या त्रासाच्या आणि जमिनीखालच्या नळांत शिरणाऱ्या मुळांच्या तक्रारी इतक्या वाढल्या की गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली.

घराजवळच्या अंगणासाठी माझी निवड बकुळ आहे. बकुळ चिकू, खिरणी आणि मोहाच्या कुळातली. मूळची सह्याद्रीच्या सदाहरित जंगलातली, पण देवळांच्या आवारात, बागांत आणि रस्त्यांच्या कडेने ती कोरड्या मुलखातही पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहे. तिचा माथा गोल आणि दाट असतो, पान चकचकीत आणि नागमोडी काठांचे. वाढ सावकाश असल्याने ती घराच्या अंगावर येत नाही. मुख्य बहर उन्हाळ्यात येतो. चांदणीसारखी फुले संध्याकाळी-रात्री उमलतात आणि सकाळी झाडाखाली पडलेली सापडतात. वाळल्यावरही त्यांचा वास जात नाही, म्हणून आजीच्या पेटीत बकुळीचे वळेसर वर्षानुवर्षे असतात. पुढे येणारी नारिंगी-पिवळी फळे पाखरे आणि वटवाघळे खातात, मुलेही खातात.

तिची एक अट आहे. ओल्या जंगलातली असल्यामुळे लहानपणी तिला मराठवाड्याचे ऊन सोसत नाही. तिला दोन-तीन उन्हाळे आपण सांभाळायचे, पुढची अनेक दशके ती आपल्याला सांभाळते.

जागा : आधी वर बघा, मग खाली

पश्चिम किंवा नैर्ऋत्य बाजू सर्वांत उत्तम, कारण दुपारनंतरचे ऊन भिंतीवर येण्याआधी झाडाने अडवले पाहिजे. घराच्या भिंतीपासून बारा ते पंधरा फूट अंतर ठेवा, आवाराच्या भिंतीपासून निदान सहा फूट. वर विजेची तार नको. खाली शौचालयाची टाकी, शोषखड्डा किंवा नळाची लाईन नको. कूपनलिकेच्या अगदी लगतही लावू नका, कारण कधीतरी मोटार काढायला गाडी आणावी लागते आणि तेव्हा कुऱ्हाड झाडावरच पडते.

गावठाणातल्या मातीकडे विशेष लक्ष द्या. जुन्या घरांच्या आवारात पडक्या भिंतींचा मलबा, पांढरी माती, चुना आणि विटांचे तुकडे थरावर थर बसलेले असतात. वरून जमीन साफ दिसते, पण दीड फुटावर पहार लागत नाही. मळ्यातली काळी माती ओल धरते, मात्र पावसाळ्यात तिच्यात पाणी तुंबते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. माळावरची मुरमाड जमीन पाण्याचा निचरा चांगला करते, पण ओल धरत नाही. तिन्ही ठिकाणी बकुळ येते, फक्त तयारी वेगळी करावी लागते.

कुठली जमीन आहे हे ओळखायला सोपी परीक्षा आहे. दीड फूट खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा, ते पाणी जिरू द्या आणि पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेले पाणी दुसऱ्या दिवशी सकाळीही तसेच उभे असेल, तर निचरा वाईट आहे. अशा ठिकाणी झाड खड्ड्यात न लावता फूटभर उंच आणि पाच-सहा फूट रुंद मातीच्या उंचवट्यावर लावा. तासाभरात पाणी गायब होत असेल, तर जमीन हलकी आहे आणि कुजलेले खत व गाळाची माती जास्त घालावी लागेल. कूपनलिकेचे पाणी खारट लागत असेल तर लावणीआधी माती आणि पाणी दोन्ही तपासून घ्या. गेवराई तालुक्यातच खामगावला कृषी विज्ञान केंद्र आहे, परभणीला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे. झाड पन्नास वर्षांसाठी लावायचे असेल तर या चौकशीला एक फेरी घालणे जड नाही.

रोप : उंचीला भुलू नका

रोपवाटिकेत सर्वांत उंच रोप उचलण्याचा मोह होतो. बकुळीच्या बाबतीत दोन ते तीन फुटांचे, अंगठ्यापेक्षा बारीक पण ताठ खोडाचे, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत पाने असलेले रोप उत्तम. पिशवी उचलून तळाशी बघा. जाड मूळ पिशवी फोडून जमिनीत गेलेले असेल किंवा आत मुळांची गुंडाळी झालेली असेल तर ते रोप नको. अशी गुंडाळलेली मुळे जमिनीत गेल्यावरही गोल-गोलच फिरतात, खाली उतरत नाहीत, आणि पाच-सात वर्षांनी वादळात झाड मुळासकट कलते.

घरी रोप करायचे असेल तर तेही जमते. पिकलेल्या फळातले तपकिरी, चकचकीत बी काढा, गर धुऊन टाका, रात्रभर पाण्यात भिजवा आणि ताजेच लावा. जुने बी उगवायला कुरकुरते. माती, वाळू आणि कुजलेले खत सारखे घेऊन उंच पिशवीत इंचभर खोल बी टोका. उगवायला तीन-चार आठवडे, कधी दोन महिनेही लागतात. ओल राखा आणि पिशवी सावलीत ठेवा. दीड वर्षात लावणीजोगे रोप तयार होते. बियाच्या झाडाला पहिला बहर यायला पाच-सात वर्षे, कधी त्याहून अधिक लागतात. हा काळ आधीच मनाशी धरला की मधेच निराश व्हावे लागत नाही.

खड्डा मे महिन्यात, लावणी आर्द्रा-पुनर्वसूत

खड्डा उन्हाळ्यातच घ्या, दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल. मलब्याच्या जागेत तीन फुटांचा घ्या आणि निघालेला मलबा परत आत टाकू नका. वरच्या फूटभराची माती एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला ठेवा. खड्डा दोन-तीन आठवडे उन्हात तापू द्या. मग तळ टिकावाने किंवा पहारेने आणखी सहा-आठ इंच नुसता फोडून ठेवा. हे लहानसे काम बहुतेक जण सोडून देतात, पण मुळांना पुढचा रस्ता त्यानेच मिळतो. काळ्या जमिनीत खड्ड्याच्या कडा फावड्याने गुळगुळीत झालेल्या असतात. त्यांनाही टिकावाचे घाव घाला, नाहीतर मुळे कडेपर्यंत जाऊन परततात.

भरताना वरची माती, तीन-चार घमेली पूर्ण कुजलेले शेणखत आणि अर्धा ते एक किलो निंबोळी पेंड एकत्र करा. कच्चे शेण कधीच नको. त्याने हुमणी आणि वाळवी दोन्ही येतात. काळ्या जमिनीत नुसता मुरूम किंवा वाळू भरून खड्डा ‘हलका’ करण्याची पद्धत चुकीची आहे. भोवतीच्या चिकणमातीतून पाणी तिथेच जमा होते आणि मुळे कुजतात. जी माती बाहेर आहे तीच खत घालून आत भरावी. मुरमाड जमिनीत मात्र तलावातला गाळ किंवा काळी माती निम्म्याने मिसळा.

मृगाच्या पहिल्या सरीला लावणीची घाई करू नका. मृगानंतर पावसाने ओढ दिली की कोवळे रोप होरपळते. दोन-तीन चांगले पाऊस होऊन जमीन हातभर ओली झाली, म्हणजे साधारण आर्द्रा-पुनर्वसूत, जूनअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत लावणी करावी. संध्याकाळची वेळ धरा. पिशवीचा तळ ब्लेडने कापा, तळाची इंचभर मुळे त्यासोबत जाऊ द्या, मग बाजूने चीर देऊन पिशवी काढा. मातीचा गोळा फुटू देऊ नका. रोप पिशवीत जितके खोल होते तितकेच जमिनीत बसवा. बुंधा मातीत गाडला की साल कुजते. माती पायाने हलके दाबा आणि दोन बादल्या पाणी सावकाश सोडा. आधाराची काठी वाऱ्याच्या बाजूला रोवा आणि जुन्या सुती कापडाच्या पट्टीने इंग्रजी आठच्या आकाराचा सैल फास द्या. सुतळी किंवा तार सालीत रुतते. काठी वर्षभराने काढून टाका, कारण वाऱ्याने थोडे हलल्याशिवाय खोड बळकट होत नाही.

आणि त्याच संध्याकाळी कुंपण. शेळीला एक रात्र पुरते. बाभळीचे किंवा बोरीचे काटे, तट्ट्या किंवा लोखंडी जाळी यांपैकी जे असेल ते, पण चार-साडेचार फूट उंच आणि रोपापासून दीड फूट दूर हवे.

पाणी : उशिरा द्या, भरपूर द्या

रोज सकाळी तांब्याभर पाणी घालणे हा झाडाबद्दलच्या मायेचा सर्वांत नुकसानकारक प्रकार आहे. तांब्याभर पाण्याने वरची तीन-चार इंच माती ओली होते. मूळ ओलीच्या मागे जाते, म्हणून ते वरच राहते. एप्रिलमध्ये तो वरचा थर तव्यासारखा तापला की तीच मुळे सर्वांत आधी मरतात. दुष्काळात मोसंबीच्या बागा वाळलेल्या मराठवाड्याने पाहिल्या आहेत. मोसंबीची अन्न घेणारी मुळे बहुतांशी वरच्या दोन फुटांत असतात. पाण्याची सवय लागलेल्या बागेचे पाणी बंद झाले की तिला खालून आधार राहत नाही. अंगणातल्या झाडाची गत तशी होऊ द्यायची नसेल तर पाण्याचे अंतर वाढवा आणि प्रत्येक वेळचे पाणी वाढवा.

पहिल्या वर्षी पावसाने उघडीप दिली की आठवड्याने एकदा वीस लिटर. ऑक्टोबर ते जानेवारी दर आठ दिवसांनी वीस लिटर. फेब्रुवारी ते मे दर पाच दिवसांनी वीस लिटर. हिशेब करून पाहा. हिवाळ्यात साधारण पंधरा पाळ्या, उन्हाळ्यात चोवीस, म्हणजे पहिल्या वर्षाच्या कोरड्या आठ महिन्यांत जवळपास आठशे लिटर पाणी. दोनशे लिटरचे चार पिंप. पाच हजार लिटरच्या टँकरच्या सहाव्या हिश्श्यापेक्षाही कमी. ‘आमच्याकडे प्यायला पाणी नाही, झाडाला कुठून आणू’ असे म्हणणाऱ्याने हा आकडा एकदा डोळ्यांसमोर ठेवावा.

शिवाय छपरावर पडणारे पाणी आहेच. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. पन्नास चौरस मीटरच्या छतावर साडेसहाशे मिलिमीटर पावसाचे साडेबत्तीस हजार लिटर पाणी पडते. थोडे वाया गेले तरी त्यातले पंचवीस हजार लिटर पन्हाळीतून नेता येईल. पन्हाळीचा शेवट झाडापासून चार-पाच फुटांवरच्या चरात सोडा. पावसाळ्यात खोलवर मुरलेली ही ओल मार्गशीर्षापर्यंत मुळांना पुरते आणि त्यांना खाली ओढते.

पाणी देण्याची जागाही महत्त्वाची. मोसंबीवाले बुंध्याला पाणी लागू नये म्हणून डबल रिंग करतात, तीच पद्धत इथे वापरा. बुंध्याभोवती हातभर मातीचा उतरता ढीग आणि त्याबाहेर पाण्याचे आळे. झाड वाढेल तसे आळे बाहेर सरकवत न्या, कारण पाणी घेणारी टोके फांद्यांच्या घेराखाली आणि त्याच्याही बाहेर असतात. बुंध्याशी ती नसतात.

दुसरा चांगला उपाय म्हणजे मडके. आठ-दहा लिटरचे सच्छिद्र, बिनझिलईचे मडके रोपापासून फूटभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरा, भरून झाकण ठेवा. पाणी झिरपत राहते, वर माती कोरडी आणि खाली ओली राहते, बाष्पीभवन जवळजवळ थांबते. झाकण नसेल तर डास होतात, म्हणून ते विसरू नका. मडके नसेल तर तीन इंची पाइपाचा दोन फुटांचा तुकडा भोके पाडून उभा पुरा आणि आत खडी भरा. त्यातून दिलेले पाणी थेट खाली जाते.

दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी तीस-चाळीस लिटर, तिसऱ्या वर्षी पंधरा दिवसांनी पन्नास-साठ लिटर. कपडे-भांड्यांचे साबणाचे, सोड्याचे पाणी लहान झाडाला घालू नका. भाज्या-तांदूळ धुतलेले पाणी चालते.

आच्छादन आणि सावली

काळ्या जमिनीत उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगा बारीक मुळे तोडतात आणि त्यांतून उरलेली ओल उडून जाते. याला आच्छादनासारखा उपाय नाही. ऊस असणाऱ्यांच्या शेतात पाचट असते, तुरीचे आणि सोयाबीनचे भूस असते. बुंध्यापासून चार-सहा इंच जागा मोकळी सोडून तीन-चार इंचांचा थर, आळ्याच्या पूर्ण घेरावर पसरा. कापसाच्या पऱ्हाट्या वापरायच्या असतील तर बोंडे पूर्ण काढून, बारीक कुटी करूनच वापरा. अखंड पऱ्हाट्यांत शेंदरी बोंडअळी दडून राहते आणि पुढच्या कापसावर येते. वाळवी दिसली तर आच्छादनाखाली मूठ-दोन मूठ निंबोळी पेंड टाका. तरीही भेग पडलीच तर पाण्याआधी खुरप्याने माती हलवून ती बुजवा, नाहीतर सगळे पाणी भेगेतून निघून जाते.

पहिल्या दोन उन्हाळ्यांत फाल्गुनापासून पश्चिमेच्या बाजूला तुराट्यांचा पडदा उभा करा. वरून पूर्ण झाकू नका. सकाळचे ऊन हवे, दुपारचे अडवायचे. उघड्या खोडाला पातळ चुन्याचा हात द्या. ऊन परतते आणि साल तडकत नाही.

खत, आणि पिवळे पान वाचणे

जूनमध्ये एक आणि सप्टेंबरअखेर एक घमेले कुजलेले खत, घेराखाली पसरून हलके खुरपून, एवढे बकुळीला पुरते. वर्षागणिक मात्रा थोडी वाढवा. युरियाच्या मागे लागू नका. त्याने लुसलुशीत फूट येते आणि तीच पुढच्या उन्हात जळते.

पाने पिवळी पडली की लोक आधी पाणी वाढवतात. त्याआधी कुठले पान पिवळे आहे ते बघा. खालची जुनी पाने अधूनमधून पिवळी होऊन गळत असतील आणि शेंड्याला नवी फूट असेल तर ते नेहमीचेच आहे. सगळेच झाड मलूल, पाने पिवळी आणि माती चिखल असेल तर पाणी जास्त झाले आहे. पानांचे काठ तपकिरी करपले असतील तर उष्ण वारा किंवा खारट पाणी कारण असते. अशा वेळी पावसाच्या साठवलेल्या पाण्याचा एक भरपूर हप्ता देऊन क्षार खाली धुऊन काढावेत. आणि शेंड्याची नवी पाने पिवळी पण शिरा हिरव्या असतील तर ती लोहाची कमतरता. आपल्या चुनखडीच्या जमिनीत ही फार दिसते. लोह मातीत असते, पण चुन्यामुळे मुळांना मिळत नाही. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस आणि अडीच ग्रॅम विझवलेला चुना मिसळून, गाळून संध्याकाळी पानांवर फवारा. पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा. जास्त चुनखडी असेल तर इडीडीएचए प्रकारचे चिलेटेड लोह आळ्यात द्यावे लागते. कायमचा उपाय मात्र कुजलेले खत आणि आच्छादन हाच.

कीड आणि छाटणी

बकुळ तशी निरोगी. कोवळ्या डहाळ्यांवर पांढरा कापूस दिसला आणि मुंग्यांची ये-जा असेल तर पिठ्या ढेकूण आले आहेत. थोडे असतील तर पाण्याच्या जोरदार धारेने धुवा. जास्त असतील तर पाच टक्के निंबोळी अर्क, म्हणजे लिटरला पन्नास ग्रॅम कुटलेली निंबोळी रात्रभर भिजवून गाळलेला, संध्याकाळी फवारा. मोठ्या झाडाच्या खोडावर भुशासारखी जाळी दिसली तर ती साल खाणाऱ्या अळीची. जाळी खरवडून छिद्र शोधा, तारेने आत टोचा, रॉकेलचा बोळा घालून चिखलाने लिंपा.

छाटणीची घाई नको. पहिली दोन वर्षे खालच्या फांद्या राहू द्या. त्या खोडाला जाड करतात आणि बुंध्यावर सावली धरतात. दोन शेंडे एकत्र वर चढत असतील तर त्यातला दुबळा एक काढा. तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी खालच्या एक-दोन फांद्या काढत झाडाखालून माणूस चालेल इतकी उंची मोकळी करा. काम पाऊस सुरू झाल्यावर करा. चैत्र-वैशाखात फांदी काढली की आतले सावलीतले खोड एकदम उघडे पडून भाजते. एका वेळी पाव भागापेक्षा जास्त पालवी काढू नका. फांदी खोडाला जिथे चिकटते तिथे फुगीर कडे असते. ते कडे न दुखवता, धारदार करवतीने कापा. शेंडा छाटून झाड ‘आटोपशीर’ करण्याचा विचार मनातून काढून टाका. बकुळीचा गोल माथा ती स्वतःच घडवते.

आणि एक कळकळीची विनंती. घरकुल झाले, ग्रामपंचायतीचा रस्ता झाला की अंगणात पेव्हर ब्लॉक येतात आणि ते झाडाच्या बुंध्याला भिडवले जातात. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. बुंध्याभोवती निदान तीन-चार फूट त्रिज्येची जागा उघडी ठेवा. बुंध्याला सिमेंटचा उंच पार बांधून त्यात माती भरणेही घातक आहे, कारण साल मातीखाली दबून कुजते. पार बांधायचाच असेल तर झाडापासून दूर, आतली माती न वाढवता बांधा.

वर्षाचा हिशेब

मे महिन्यात खड्डा, जुन्या झाडाचे आच्छादन दुरुस्त. जूनमध्ये खत आणि पन्हाळीची साफसफाई. आर्द्रा-पुनर्वसूत लावणी, मेलेल्या रोपाच्या जागी नवे रोप, हलकी छाटणी. ऑगस्टमध्ये तण काढून आळ्यात पाणी तुंबत नाही ना, ते पाहणे. सप्टेंबरअखेर दुसरे खत. दसरा झाला की नवे पाचट. पौषात पाण्याचे पिंप, मडके, पाइप तपासणे. होळीच्या आधी पश्चिमेचा पडदा आणि खोडाला चुना. गुढीपाडव्यापासून पावसापर्यंत पाण्याच्या पाळीत खंड नको. घरातल्या एका माणसाने हे काम अंगावर घ्यावे. सगळ्यांनी मिळून घालायचे पाणी कुणीच घालत नाही. यात्रेला, लग्नाला, ऊसतोडीला जाणार असाल तर पाळी शेजारच्या घराकडे नावानिशी सोपवून जा.

बीड जिल्ह्याला झाडाची किंमत शिकवावी लागत नाही. १९७२चा दुष्काळ इथल्या म्हाताऱ्या माणसांना आठवतो. बीडजवळ पालवणच्या उजाड माळावर वनविभाग, अभिनेते सयाजी शिंदे आणि गावोगावच्या लोकांनी सह्याद्री देवराई उभी केली. तिथेच फेब्रुवारी २०२० मध्ये वृक्षसंमेलन भरले आणि अध्यक्षपदाचा मान वडाच्या झाडाला दिला गेला. माळावर देवराई उभी राहू शकते, तर अंगणात एक बकुळ नक्कीच उभी राहू शकते. लावणारे हात जिल्ह्यात पुष्कळ आहेत. कमतरता पहिल्या तीन उन्हाळ्यांच्या राखणीची आहे.

तिसऱ्या उन्हाळ्यानंतरचा पावसाळा संपला की एक तपासणी करा. आळ्याच्या बाहेर, झाडापासून चार-पाच फुटांवर फूटभर खोल खणून पाहा. बोटाएवढी जाड मुळे तिथवर आलेली असतील, तर चौथ्या उन्हाळ्यात पाणी महिन्याला एकदा करा, पाचव्या उन्हाळ्यात फक्त भर वैशाखात दोनदा, आणि पुढे फक्त पावसाने दगा दिलेल्या वर्षी. मुळे दिसली नाहीत तर आणखी एक उन्हाळा राखण करा आणि पाणी आणखी लांबून द्या. त्यानंतरचे पाणी दुसऱ्या रोपासाठी वापरा. आठशे लिटरमध्ये शेजारच्या अंगणातही एक बकुळ होते.